आजोबांची फियाट आणि वैशाखातील गारवा

आपल्या समाजातील कित्येक व्यापारी घराण्यांत आजही एक जुनी मोटार सांभाळून ठेवलेली आढळते. गोदामाच्या पडवीत, जुन्या वाड्याच्या चौकात किंवा पेढीमागील पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. बहुधा ती फियाट किंवा पद्मिनी असते, क्वचित अ‍ॅम्बॅसेडर. परवाना-राज्याच्या काळात पैसे भरून, वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहिल्यावर ती दारात आलेली असते. म्हणून ती विकण्याचा विषय निघाला की घरातील थोरली मंडळी गप्प होतात. मात्र तिच्यातून कोणी फिरत नाही. दसऱ्याला हार घातला जातो, वर्षातून दोन-तीनदा बॅटरी जोडून इंजिन सुरू केले जाते आणि पुन्हा वर आच्छादन ओढले जाते. कारण विचारले तर उत्तर एकच मिळते: त्या गाडीत उन्हाळ्यात बसवत नाही.

हे उत्तर खोटे नाही. सोलापूर, लातूर, जळगाव या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या पत्र्याच्या गाडीतील हवा त्याहून कितीतरी तप्त असते. ज्यांनी ती गाडी हौसेने घेतली, ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना उष्मा सोसत नाही. ज्यांनी ती पुढे चालवावी, त्या नातवंडांना वातानुकूलित गाडीखेरीज दुसरी माहीत नाही. अशा घरांत अलीकडे एक विचार बळावू लागला आहे: जुन्या गाडीला एसी बसवून घ्यावा काय? तो बसवता येतो. पण तो कसा बसवला यावर गाडी आणखी पंचवीस वर्षे चालेल की दोन उन्हाळ्यांत तिचे इंजिन निकामी होईल, हे ठरते. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

या गाडीशी आपले एक जुने नातेही आहे. ज्या कारखान्यात ती तयार झाली, त्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने हिंदुस्थानात तयार व्हावीत हा त्यांचा ध्यास होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट ११०० जातीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतील गोलसर बांध्याच्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, ते आजही चालते. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच गाडी चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूपही तेच. त्या टॅक्सींपैकी अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. आता उरल्या त्या खासगी घरांतील गाड्या, आणि त्यांची संख्या दरवर्षी घटणारच.

बंद ठेवून गाडी टिकते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. वस्तुतः न चालणारी मोटार चालणाऱ्या मोटारीपेक्षा लवकर मरते. टाकीतील पेट्रोल आटून त्याचा चिकटा कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, ब्रेकचे सिलिंडर गंजून धरतात, रबरी नळ्यांना चिरा पडतात, टायर एका जागी चपटे होतात. त्यामुळे एखाद्या कुटुंबाने केवळ एसीच्या निमित्ताने गाडी पुन्हा रस्त्यावर आणली, तर त्या खर्चाला मी चैन म्हणणार नाही.

मोटारीला नंतर थंडावा जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली कारखान्यातूनच वातानुकूलनाची सोय असलेली मोटार लोकांपुढे आणली. तिचे शीतयंत्र मागील आसनापाठी, डिकीत बसवलेले होते आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडी नको असेल तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे. साहजिकच तो प्रयोग दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला. पुढे १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा गाडीच्या पुढील भागात आणली. टेक्सासच्या उन्हाने त्रासलेल्या लोकांसाठी तेथील कारखान्यांनी डॅशबोर्डखाली टांगता येतील असे सुटे संच विकण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीला जे एसी बसवले गेले, ते याच वंशातील.

आता यंत्राकडे वळू. वातानुकूलन यंत्र थंडी उत्पन्न करीत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ते गाडीच्या आतील उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा उष्णतेचा जमाखर्च आहे. एका खात्यातून जे उचलले, ते दुसऱ्या खात्यात जमा झालेच पाहिजे. डॅशबोर्डखालील कूलिंग कॉइलमध्ये वायूचे द्रवरूप उकळते आणि उकळताना भोवतालच्या हवेची उष्णता शोषून घेते. आज प्रचलित असलेला १३४-ए हा वायू साध्या हवेच्या दाबाखाली उणे २६ अंशांवर उकळतो, म्हणून हे शक्य होते. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो आणि पुढील जाळीमागे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली सारी उष्णता बाहेरील हवेला देऊन पुन्हा द्रव होतो. ड्रायर त्यातील ओलावा टिपतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दाब उतरवतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

या जमाखर्चातील अडचण कंडेन्सरपाशी आहे. आतून उचललेली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरने घातलेली उष्णता, अशी सारी बेरीज रेडिएटरच्या नेमकी समोर टाकली जाते. म्हणजे ज्या हवेने इंजिन थंड करावयाचे, ती रेडिएटरपर्यंत पोहोचते तेव्हा आधीच तापलेली असते. ज्या गाडीचा रेडिएटर एसीशिवायही घाटात तापतो, तिला एसी बसवणे म्हणजे थकलेल्या हमालाच्या डोक्यावर दुसरे पोते देणे होय. म्हणूनच जाणता मेकॅनिक प्रथम रेडिएटर उतरवून पाहतो. त्यात वर्षानुवर्षांचा क्षार साचलेला असेल तर नुसत्या धुण्याने भागत नाही. जुनी टाकी कायम ठेवून आतील जाळी बदलून घ्यावी, आणि शक्य असल्यास नळ्यांची एक रांग वाढवावी. बाहेरून गाडीचे रूप तसेच राहते. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, दाबाचे झाकण आणि सर्व रबरी पाइप याच वेळी नवे घालावेत. नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरावे.

मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद चालू असेल तेव्हा तोही मंदच फिरणार, आणि नेमके तेव्हाच, बाजारपेठेतील गर्दीत किंवा रेल्वे फाटकापाशी, हवा सर्वात कमी मिळते. म्हणून कंडेन्सरपुढे एक विजेचा पंखा अवश्य लावावा आणि तो एसीच्या बटणाबरोबर किंवा वायूच्या दाबाबरोबर आपोआप सुरू व्हावा. दाब मर्यादेपलीकडे गेला किंवा गळतीने फार उतरला, तर कॉम्प्रेसर आपण होऊन बंद करणारा प्रेशर स्विचही हवा. तो लहानसा भाग वगळून बसवलेले संच पाहण्यात येतात, याचे आश्चर्य वाटते. साऱ्या यंत्रणेचा तो पहारेकरी आहे.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. कॉम्प्रेसर त्यातील साधारण दोन ते चार अश्वशक्ती खातो. शंभर अश्वशक्तीच्या आजच्या गाडीला हे जाणवत नाही. येथे मात्र तो जवळजवळ दशमांश होतो. घरातील कोणी पुण्याहून खंबाटकी किंवा दिवे घाट चढून जाणार असेल, तर चढावर एसी बंद करणे हे चालवणाऱ्याने शिकून घ्यावे, किंवा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच क्लच सोडणारा स्विच बसवून घ्यावा. कॉम्प्रेसर निवडताना ‘मोठा घेतला की गार जास्त’ हा हिशेब चुकीचा ठरतो. जुन्या गाड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सँडनच्या पाच पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये सुमारे ८७, १०८ आणि १३८ सीसीची मापे आहेत. मोठे माप अमेरिकेतील आठ सिलिंडरच्या इंजिनांना शोभते. पद्मिनीला सर्वात लहान माप किंवा आपल्याकडील छोट्या गाड्यांचा तितक्याच मापाचा कॉम्प्रेसर पुरतो. चार माणसांची बैठक गार करायची आहे, मंगल कार्यालय नव्हे.

कॉम्प्रेसर ज्या ब्रॅकेटवर बसतो, ते थेट इंजिनाच्या ब्लॉकला घट्ट बोल्ट केलेले असावे. इंजिन रबरी बैठकीवर हलत असते; ब्रॅकेटचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे गाडीच्या अंगाला जोडले, तर पट्टा तुटतो किंवा ब्रॅकेटला तडा जातो. पुली एका रेषेत आहेत की नाही, हे सरळ पट्टी लावून तपासावे. इंजिन मंद चालत असताना कॉम्प्रेसरचा भार पडला की जुने इंजिन धापा टाकून बंद पडते. त्यासाठी कार्बुरेटरला मंद गती थोडी उचलून धरणारा व्हॅक्यूमचा लहान डबा लावतात. तो न लावता केवळ स्क्रू फिरवून स्लो वाढवून ठेवला, तर एसी बंद असतानाही इंजिन उगाच ओरडत राहते आणि पेट्रोल जाळते.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे. बॉनेटखालची उष्णता वाढली की कार्बुरेटरातील पेट्रोल उकळू लागते आणि थोडा वेळ थांबवलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. जुन्या चालकांना हा अनुभव नवा नाही. ते पंपावर ओले फडके ठेवीत. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा आणि नळी एक्झॉस्टपासून दूर, उष्णतारोधक वेष्टनातून न्यावी. गळक्या पेट्रोल नळीच्या गाडीत एसीचा विचारही करू नये.

विजेचा हिशेब तर साधा अंकगणिताचा आहे, तरीही तोच सर्वाधिक वेळा चुकतो. कूलिंग कॉइलचा ब्लोअर पूर्ण वेगाने आठ-दहा अँपिअर घेतो, कंडेन्सरचा पंखा तितकेच, क्लच तीन-चार. रात्रीचे दिवे सुमारे दहा. इग्निशन, वायपर, हॉर्न वेगळे. बेरीज चाळिशीच्या आसपास जाते. जुन्या गाडीतील डायनॅमोची क्षमता साधारण वीस-पंचवीस अँपिअरची, तीही इंजिन वेगात असताना. मंद गतीत तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पावसाळी रात्री, दिवे आणि वायपर लावून एसी चालवला की गाडी बॅटरीचे भांडवल खाऊ लागते. अल्टरनेटर ही येथे गरज आहे. पुढील काळच्या पद्मिनींना तो आलेलाच होता, त्यामुळे पन्नास-पंचावन्न अँपिअरचा अल्टरनेटर बसवणे अवघड जात नाही. प्रत्येक मोठ्या भाराला स्वतंत्र रिले आणि फ्यूज असावा व नवी वायरिंग जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरांना न जोडता सरळ बॅटरीपासून वेगळी आणावी. जुन्या गाड्यांना आग लागते ती अशा जोडांपासून.

विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचे संच हल्ली बाजारात दिसतात. इंजिनावर भार नाही म्हणून ते मोहात पाडतात. पण बारा व्होल्टवर तेवढी शक्ती काढायची तर साठ-ऐंशी अँपिअर लागतात. पद्मिनीने ते आणावेत कोठून?

सांगलीच्या हळद बाजारातील माझ्या परिचयाच्या एका घराची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तीन भावांची पेढी वेगळी झाली, दुकाने वाटली गेली, शेत वाटले गेले. गाडी मात्र वाटता येईना. ती वडिलांपाशी राहिली. वडिलांना सारे अण्णा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. नातीचे लग्न वैशाखात ठरले आणि अण्णांनी सांगितले, की मी लग्नाला माझ्या गाडीतूनच जाईन. डॉक्टरांनी उन्हाचा प्रवास वर्ज्य सांगितलेला. तिघे भाऊ कित्येक महिन्यांनी एका ओसरीवर बसले ते या गाडीपायी. पहिल्या गॅरेजने डॅशबोर्ड कापून आधुनिक झरोके बसवण्याचा आराखडा दिला. चित्रात ते सुरेख दिसत होते. अण्णांनी कागद परत केला. “गारवा तुमच्यासाठी घाला, माझी ना नाही. पण डॅशबोर्डला एक भोक पाडलेलं चालणार नाही,” एवढेच ते म्हणाले.

त्या एका वाक्याने कामाला शिस्त लागली. कॉइल आणि ब्लोअर यांची पेटी डॅशबोर्डखाली, मूळच्या बोल्टांवर अडकणाऱ्या पट्ट्यांनी टांगली. गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी असल्यामुळे पुढील आसनापुढे मधली जागा मोकळी होतीच. वायूच्या नळ्या आणि कॉइलमध्ये जमणारे पाणी बाहेर नेणारी नळी, दोन्ही पूर्वीच्या रबरी बुचांच्या छिद्रांतून काढल्या. बटणे पेटीवरच ठेवली. काढलेला डायनॅमो, जुनी पुली, जुने बोल्ट तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या चिकटवून एका खोक्यात बंद केले, आणि ते खोके धाकट्या भावाने आपल्या घरी ठेवून घेतले. उद्या कोणाला गाडी कारखान्यातून निघाली तशी करावीशी वाटली, तर दोन दिवसांचे काम. लग्नाच्या दिवशी सांगलीहून जयसिंगपूरपर्यंत अण्णा पुढील आसनावर बसून गेले. तिघांपैकी कोणी गाडी चालवावी यावरून किंचित वाद झाला, असे ऐकतो. तो सुखाचा वाद म्हणायचा.

माझ्या मते जुन्या गाडीतील कोणत्याही सुधारणेची हीच कसोटी असावी: जे केले ते उलटवता यावे. पत्रा कापला, डॅशबोर्ड चिरला, की ते परत येत नाही. पाण्याच्या नळीचा उल्लेख वर ओझरता आला, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत कॉइलवर तासाला कितीतरी पाणी जमते. ती नळी वाकली किंवा तुंबली, तर पाणी सतरंजीखाली मुरते आणि या गाड्यांचा तळ आतून गंजून जातो. वरून मात्र काही दिसत नाही.

यंत्र कितीही चांगले असले तरी गाडी गळकी असेल तर ते हरते. पुढील दारांच्या त्रिकोणी काचा हे या गाडीचे मूळ वातानुकूलन. ती काच फिरवली की वाऱ्याचा झोत अंगावर येतो. त्याच काचांच्या सुकलेल्या रबरांतून आता गार हवा निसटते. दारांची, काचांची आणि डिकीची रबरे नवी करावीत. छताच्या अस्तरावर, इंजिनामागील पडद्यावर आणि पायांखालच्या पत्र्यावर उष्णतारोधक थर द्यावा. हा खर्च एसीच्या तुलनेने किरकोळ असतो आणि त्याचा लाभ डोळ्यांत भरण्यासारखा. काचांबाबत नियम असा, की पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. त्या मर्यादेत थोडी हिरवट छटा असलेली काच मिळते, ती पुरे.

वायूविषयी मात्र सावध राहावे. ऐंशीच्या दशकात बसवलेल्या जुन्या संचांत आर-१२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगभर बंद झाला. अशा जुन्या संचात थेट नवा वायू भरून चालत नाही; तेल वेगळे लागते, नळ्या व सील बदलावे लागतात, ड्रायर नवा घालावा लागतो, आतून सारे धुऊन काढावे लागते. काही ठिकाणी स्वस्त पडते म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील वायू भरतात. गार तो करतो, यात शंका नाही. पण कॉइल गळली तर तोच वायू बंद काचांच्या आत, कुटुंबासमवेत कोंडला जातो. भेसळीच्या नळकांड्यांचाही धोका आहे. २०११ मध्ये मालवाहू शीतकंटेनरांत असाच बनावट वायू भरला गेल्याने अॅल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगार दगावले. म्हणून नळकांडे आपल्यासमोर उघडावे, वायू काट्यावर तोलून भरावा. एवढ्या लहान यंत्रणेला साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर वायू लागतो, आणि जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, घटतो. त्याआधी नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासून, किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवून आतील हवा आणि ओलावा काढला पाहिजे. जो कारागीर हे पंप जोडून दहा मिनिटांत उरकतो, त्याच्याकडून काम घेऊ नये.

कागदपत्रांची बाजू अनेक घरांत कच्ची असते. गाडी अद्याप दिवंगत आजोबांच्या नावावर असेल, तर प्रथम वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे काय, तेही पाहावे. एसी जोडल्याने इंजिन वा चेसिस क्रमांक बदलत नाही. परंतु जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

त्यामुळे निवड अगोदर करावी लागते. गाडी साठ-सत्तरच्या दशकातील असेल, तिचे सारे मूळ भाग शाबूत असतील आणि तिला व्हिंटेज नोंदणीत न्यायचे असेल, तर तिला एसी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने हिवाळ्यातील सकाळी फिरावे. ऐंशी-नव्वदच्या दशकातील, घरच्यांनी वापरायची पद्मिनी असेल, तर तिला खुशाल गारवा द्यावा. बसवलेल्या संचाची विमा कंपनीकडे जादा उपकरण म्हणून स्वतंत्र नोंद करून घ्यावी. किंचित हप्ता वाढतो, पण अपघातानंतरची वादावादी टळते.

कारागिराशी बोलताना दरपत्रक एकरकमी न घेता बाबवार घ्यावे: रेडिएटर, अल्टरनेटर, कॉम्प्रेसर व ब्रॅकेट, कॉइल, कंडेन्सर व पंखा, नळ्या, वायरिंग, वायू. एकरकमी आकड्यात रेडिएटर आणि अल्टरनेटर हे दोन खर्च हमखास गाळलेले असतात, आणि स्वस्ताई तेथूनच आलेली असते. काम झाल्यावर भर दुपारी, चार माणसे बसवून, अर्धा तास गर्दीतून गाडी चालवून पाहावी. झरोक्यातील हवा सात ते दहा अंशांच्या आसपास उतरली आणि तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला, तर काम नीट झाले. हवा गार पण काटा चढता असेल तर पैसे देण्यापूर्वी गाडी परत द्यावी.

पुढील देखभाल थोडीच. थंडीच्या महिन्यांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालू ठेवावा. वायूबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरच्या सीलपर्यंत पोहोचते आणि ते सुकत नाही. पाच-सहा महिने बंद ठेवलेल्या संचातील वायू उन्हाळा लागताच गळून गेलेला आढळतो, तो बहुतेक या सुकलेल्या सीलमधूनच.